परंड्याची तोफ आणि न्यायाची घडी

सन १६०० त अहमदनगर पडलें आणि निजामशाहीची गादी परंड्याच्या किल्ल्यांत आली. तट, खंदक, बुरूज, शिवाय १५४९ सालीं ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ तोफ! सिद्धतेंत न्यून नव्हतें. तथापि १६३२ त तीच तोफ विजापुरास गेली.

न्यायाच्या घडीविषयीं प्रभूनें रात्रींच्या चोराचा दृष्टांत दिला. जगाच्या अंतास अवकाश आहे, असें म्हणून आपण निर्धास्त राहतों. परंतु बारावे बेनेडिक्ट यांनीं १३३६ त निःसंशय शिकविलें कीं, शुद्ध आत्म्यास मरणोत्तर तत्काळ देवदर्शन घडतें, महापातकांत मेलेला तत्काळ नरकांत उतरतो. सार्वत्रिक न्याय मागाहून.

ह्या महोत्सवासाठीं कमानी, पताका, दिवे सर्व वेळेवर सिद्ध झालें. पूर्वींच्या शनिवारीं पापनिवेदन ऐकावयास मी सायंकाळभर बसलों होतों. तिघे आले.