पोकळीचा कांटा

आषाढांतील पाऊस कोंकणच्या माणसाला नवा नाहीं. परंतु ज्या काळीं जुन्या अमेरिकी बनावटीच्या मोटारी व जीपगाड्या सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढत, त्या काळीं त्यांच्या चालकांना एक विलक्षण अनुभव येई. चढ लागला व अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला, कीं कांचेवरचें पाणी पुसणारा वायपर मंद होत जाई, आणि कधीं कधीं मध्येंच थबके. माथा गाठून पाय उचलतांच तो पुन्हा जोरानें हलूं लागे. रस्ता दिसणें ज्या क्षणीं अत्यंत अगत्याचें, नेमकी त्याच क्षणीं कांच आंधळी व्हावी, हा कांहीं दैवाचा खेळ नव्हता. तो वायपर विजेवर चालत नसे. इंजिनांत उत्पन्न होणाऱ्या पोकळीवर चालत असे. ही पोकळी कशी निर्माण होते, ती मोजावयास मनुष्य केव्हां शिकला, आणि त्या मापाचा अर्थ चुकला असतां काय ओढवतें, याचा इतिहास मनोरंजक तितकाच बोधप्रद आहे.

निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, असें युरोपांतील पंडित शतकानुशतकें मानीत आले होते. या समजुतीला १६४३ च्या सुमारास इटलींतील तोरिचेल्ली यानें धक्का दिला. एका बाजूनें बंद असलेली कांचेची नळी पाऱ्यानें भरून त्यानें ती पाऱ्याच्याच भांड्यांत उलटी उभी करविली. पारा खालीं उतरला, पण सुमारें ३० इंचांवर येऊन थांबला. वरच्या रिकाम्या जागेंत काय होतें? कांहींच नव्हतें. मग पाऱ्याला कोणी उचलून धरिलें होतें? बाहेरच्या हवेच्या भारानें. मालवणच्या किनाऱ्यावरील पाणबुड्याला पाण्याचा भार जसा सर्वांगीं जाणवतो, तसे आपण सर्व हवेच्या समुद्राच्या तळाशीं राहतों; फरक एवढाच कीं, जन्मापासूनच्या संवयीमुळें तो भार आपणांस कळत नाहीं. पुढें १६४८ सालीं फ्रान्समध्यें पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्यानें अशी नळी प्युइ-द-दोम या डोंगरावर नेली, तेव्हां पारा सुमारें ३ इंच उतरला. उंचीवर हवेचा समुद्र उथळ होतो, हें त्यावरून सिद्ध झालें.

येथपर्यंत हा विषय पंडितांचा होता. तो कामाला जुंपला इंग्लंडांतील न्यूकोमेन यानें. १७१२ सालच्या त्याच्या यंत्रांत वाफ दट्ट्याला ढकलीत नसे. वाफ गार करून पोकळी केली जाई, आणि बाहेरची हवाच दट्ट्या खालीं दाबी. जेम्स वॉटनें १७६९ च्या आपल्या पेटंटानें वाफ गार करण्याचें पात्र निराळें केलें. अशा यंत्रांत पोकळी किती झाली हें जाणल्यावांचून गत्यंतर नव्हतें. परंतु हलत्या जहाजांत पाऱ्याची नळी संभाळणार कोण? १८४९ सालीं पॅरिसच्या बूर्दों यानें ही अडचण दूर केली. त्यानें धातूची चपटी नळी वांकवून तिचें एक टोंक कांट्याशीं जोडलें. आंतील दाब बदलला कीं नळीचा बांक बदले आणि कांटा फिरे. मात्र कांटा धातूचा झाला तरी त्याची भाषा पाऱ्याचीच राहिली. ‘१८ इंच पोकळी’ याचा अर्थ, बाहेरच्या हवेचा दाब आंतल्या दाबाहून १८ इंच पाऱ्याच्या भाराइतका अधिक आहे.

मोटारीच्या इंजिनांत ही पोकळी आपोआप घडते. दट्ट्या खालीं जातांना हवा ओढूं पाहतो. पण वाटेंत थ्रॉटल नांवाची झडप मिटलेली असली तर हवा पुरेशी येत नाहीं, आणि मधल्या नळींत दाब उतरतो. म्हणून इंजिन रिकामें चालत असतां पोकळी मोठी, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतांच ती जवळजवळ शून्य! घाटांत वायपर कां थबके, याचें उत्तर हेंच. समुद्रसपाटीवर निरोगी साधें इंजिन रिकामें चालत असतां कांटा सुमारें १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. वैद्यानें नाडी पाहावी तसा जाणता कारागीर हा कांटा पाहतो. कांटा स्थिर पण बराच खालीं असेल, तर कोठून तरी हवा आंत शिरत असावी किंवा ठिणगी उशिरा पडत असावी. तो नियमित अंतरानें झटका देत असेल, तर एखाद्या पात्राची झडप नीट बसत नसावी.

परंतु नाडी पाहतांना स्थळहि पाहावें लागतें. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंच आहे. दर हजार फुटांमागें सुमारें एक इंच, या हिशेबानें मालवणास १९ इंच दाखविणारा कांटा तेथें १७ इंचांच्या आंतबाहेर दिसेल. इंजिन आजारी पडलेलें नसतें. बाहेरचा हवेचा समुद्र तेवढा उथळ झालेला असतो. पास्कालच्या डोंगराचाच हा धडा होय.

आतां सुपरचार्जरकडे वळूं. इंजिनानें हवा ओढण्याऐवजीं ती पंख्यानें बळेंच आंत कोंबावी, ही त्यामागील कल्पना. अमेरिकेंतील रूट्स बंधूंनीं १८६० सालीं जो हवा ढकलणारा पंप तयार केला, तोच पुढें मोटारीस उपयोगी पडला. १९२१ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सिडीजनें सुपरचार्जरच्या गाड्या मांडल्या, आणि १९२३ सालीं मोंझाच्या शर्यतींत फियाटनें अशाच इंजिनावर बाजी मारली. अशा गाड्यांच्या मालकांत इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर हे एक होत. त्यांच्यासाठीं १९३५ च्या सुमारास अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग कंपनीची सुपरचार्जरची गाडी सिद्ध झाली, व तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनीं चढविला. अशा इंजिनाची शक्ति ३२० अश्वबळ असल्याचें कंपनी सांगत असे.

अशा गाडींत कांट्याला दोन भाषा बोलाव्या लागतात. शून्याच्या डावीकडे पोकळीचे इंच, आणि उजवीकडे चौरस इंचावरील जादा दाबाचे पौंड. एक पौंड म्हणजे सुमारें दोन इंच पारा. म्हणजे उजवीकडचे ७ पौंड हे मालवणच्या किनाऱ्यावर एकंदर सुमारें ४४ इंच होतात. दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या बाबतींत याच राशीच्या तीन तऱ्हा झाल्या होत्या. अमेरिकन वैमानिक एकंदर इंच वाची, इंग्रज वैमानिक सपाटीच्या दाबाहून अधिक वा उणे पौंड वाची, आणि जर्मन वैमानिक वातावरणाच्या पटींत वाची. वस्तु एक, वाचन तीन!

सुपरचार्जर बसविला म्हणून पोकळी नाहींशी होत नाहीं, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. इंजिन रिकामें किंवा हलकें चालत असतां अशाहि गाडीचा कांटा डावीकडेच असतो. तसेंच नळी कोठें जोडली हेंहि महत्त्वाचें. थ्रॉटल पंपाच्या आधीं असेल, तर त्या दोहोंच्या मध्यें जोडलेला कांटा कधींच उजवीकडे जाणार नाहीं. खरा दाब पंप व इंजिन यांच्या मध्यें मोजावयाचा असतो. शिवाय अधिक शक्तीच्या हव्यासानें झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणारा दांडा बसविला असेल, तर निरोगी इंजिनाचा कांटाहि १० ते १४ इंचांवर थरथरत राहील. तेथें रोग शोधीत बसणें व्यर्थ होय.

पण म्हणून हा आंकडा दुर्लक्षावा, असेंहि नाहीं. पुष्कळ पेट्रोल गाड्यांचे ब्रेक याच पोकळीच्या साहाय्यानें हलके होतात. आगगाडीच्या जुन्या पोकळीच्या ब्रेकांत पोकळी गेली कीं ब्रेक आपोआप लागत. त्यांत धोक्याच्या वेळीं रक्षणाची योजना होती. मोटारींत उलट आहे. पोकळी गेली कीं सांठलेल्या बळावर पायाचे दोनतीन दाब निभतात, आणि मग पेडल दगडासारखें होतें. पेट्रोल वांचविण्यासाठीं घाट उतरतांना इंजिन बंद करून गाडी सोडण्याची जी खोड कांहीं चालकांस होती, ती याचसाठीं जिवावरची होती. इंजिन चालू ठेवून, खालच्या गियरमध्यें, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलून उतरणाऱ्या गाडींत मात्र पोकळी सर्वांत मोठी असते, म्हणजे ब्रेकांना भरपूर बळ मिळतें. ज्यानें इंजिनांत फेरफार करून तो आंकडा खालीं आणला आहे, त्यानें घाटावर जाण्यापूर्वीं ब्रेकांसाठीं पोकळी करणारा निराळा पंप बसवून घेणें हेंच शहाणपणाचें.

तोरिचेल्लीच्या नळींतील ती रिकामी जागा पाहून पंडित वाद घालीत बसले. त्याच रिकाम्या जागेनें पुढें खाणींतलें पाणी उपसलें, आगगाड्या थांबविल्या, आणि आंबोलीच्या पावसांत कांचा पुसल्या. ‘कांहीं नाहीं’ या गोष्टीचेंहि माप असतें, आणि घाटाच्या वळणावर कित्येकांचा जीव त्या मापावर अवलंबून असतो.