इब्राहिम अल्काझी : अरब घरातला मुलगा, भारतीय रंगभूमीचा उस्ताद

नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी ही नावं आपल्या घराघरांत माहीत आहेत. पण यांना घडवणारे उस्ताद इब्राहिम अल्काझी यांचं नाव आजच्या मुलांना क्वचितच ठाऊक असतं.

अल्काझींचा जन्म १८ ऑक्टोबर १९२५ रोजी पुण्यात झाला. वालिद सौदी अरेबियातून आलेले व्यापारी, आई कुवेतची. घरात नऊ भावंडं आणि बोली अरबी. शाळा पुण्यातली सेंट व्हिन्सेंट. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात असताना ते सुलतान पदमसी यांच्या ‘थिएटर ग्रुप’मध्ये दाखल झाले. सुलतान यांची बहीण रोशन त्यांच्या पत्नी. अल्काझींच्या अनेक नाटकांचे पोशाख त्यांनीच केले.

फाळणीनंतर घरची मंडळी पाकिस्तानात गेली. अल्काझी मात्र लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये नाट्यशिक्षण घेऊन भारतातच परतले. व्यापाऱ्याच्या मुलानं नाटक हेच काम मानणं आजही अनेक घरांत पटत नाही; त्यांनी ते तेव्हा केलं. १९५४ मध्ये त्यांनी मुंबईत ‘थिएटर युनिट’ सुरू केलं. मराठी रंगभूमीच्या विजया मेहता यांनीही त्यांच्याकडे धडे घेतले.

१९६२ ते १९७७ ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. शिस्त कडक. नुसता अभिनय येऊन भागत नसे. प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा सगळंच शिकावं लागे. १९६३ मध्ये त्यांनी धर्मवीर भारतींचं ‘अंधा युग’ फिरोजशाह कोटल्याच्या भग्न अवशेषांत उभं केलं. पुढे गिरीश कर्नाडांचं ‘तुघलक’ पुराना किल्ल्यात झालं. एक हिंदी नाटक, दुसरं मूळ कन्नड, आणि दिग्दर्शक अरब घरातला!

विद्यालय सोडल्यावर त्यांनी रोशन यांच्यासोबत दिल्लीत ‘आर्ट हेरिटेज’ हे कलादालन चालवलं. पद्मश्री (१९६६), पद्मभूषण (१९९१) आणि पद्मविभूषण (२०१०) हे सन्मान त्यांना मिळाले. ४ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, दिल्लीत त्यांचा इंतकाल झाला. मुलगी अमाल अल्लाना आणि मुलगा फैसल हे दोघंही नाट्यदिग्दर्शक.

मराठीत तालीम म्हणजे नाटकाचा सराव, उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. अल्काझींनी या दोन्हींत फरक केला नाही. आपल्या घरात एखादं मूल नाटकाकडे वळत असेल, तर त्याला अडवण्याआधी हे आयुष्य एकदा वाचून पाहा.