मोज्यातली सुरी

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाला हायलँड्स म्हणतात. तिथल्या पुरुषांचा किल्ट, म्हणजे चौकडीच्या कापडाचा तो चुणीदार घेर, आपण चित्रांत पाहिलेला असतो. पण जरा खाली नजर टाका. लोकरी मोज्याच्या काठातून एका छोट्या सुरीची मूठ डोकावताना दिसेल. तिचं नाव ‘स्कीअन डू’. गेलिक भाषेत ‘स्कीअन’ म्हणजे सुरी आणि ‘डू’ म्हणजे काळी. काही जण ‘डू’चा अर्थ ‘लपवलेली’ असाही करतात.

त्यामागे एक कथा सांगतात. हायलँडर माणूस काखेत सुरी लपवून बाळगी. मित्राच्या घरी गेला की ती काढून, सर्वांना दिसेल अशी, मोज्यात खोची. मनात काही काळंबेरं नाही, हे सांगण्याची ती रीत. कथा गोड आहे. मोज्यातल्या सुरीचा ठळक पुरावा मात्र बराच उशिराचा. हेन्री रेबर्न या चित्रकाराने १८१२मध्ये ग्लेनगॅरीच्या मॅक्डोनेल सरदाराचं चित्र रंगवलं, त्यात ती दिसते.

मधल्या काळात बरंच घडलं होतं. १७४६मध्ये कलोडनच्या लढाईत हायलँडर बंडखोरांचा पराभव झाला. त्याच वर्षी सरकारने कायदा करून त्यांच्या शस्त्रांवर आणि पोशाखावरही बंदी घातली. किल्ट घातला तर सहा महिने कैद, पुन्हा घातला तर सात वर्षं सागरापार हद्दपारी! सैन्यातल्यांना तेवढी सूट होती. पोशाखावरची बंदी उठली १७८२मध्ये. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तो खुद्द किल्ट घालून मिरवला. समारंभाची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटची होती. ज्या वेषासाठी लोक तुरुंगात गेले असते, तोच आता दरबारी झाला.

शस्त्राचा असा दागिना झाला, तरी कारागिराचं काम सोपं झालं नाही. पातं जेमतेम तीन-साडेतीन इंचांचं. मुठीला पीटच्या दलदलीत हजारो वर्षं गाडलेलं ओकचं लाकूड वापरतात. लाकडातलं टॅनिन आणि पाण्यातलं लोह यांच्या संयोगाने ते काळंभोर होतं. मुठीच्या दर्शनी बाजूवर वेणीसारखं कोरीवकाम, टोकाला चांदी आणि धुरकट स्फटिक. पण खरी परीक्षा मागच्या बाजूची. सुरी दिवसभर पोटरीला टेकून राहते, नाचतानाही. म्हणून ती बाजू सपाट आणि गुळगुळीत ठेवतात, कडा मोडतात, म्यानही पातळ करतात. नाहीतर मूठ टोचते, कातडी सोलवटते. कोरीवकाम जगासाठी, सपाट बाजू नेसणाऱ्यासाठी!

आज स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगणं गुन्हा आहे. पण १९९५च्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ती बाळगण्याची मुभा आहे. त्याच कलमात धार्मिक कारणाचीही सवलत असल्याने तिथल्या शीख बांधवांना कृपाण बाळगता येतं. एकेकाळी ज्या वेषावर कायद्याने घाला घातला, त्याच वेषाची सुरी आज कायदा सांभाळतो आहे.