उठावदार मजकूर, मराठी लेखन-मुद्रणातील

मजकुरातील महत्त्वाचा भाग प्रथमदर्शनीच नजरेत भरावा, म्हणून रंग, आकार, जाडी वा मोकळी जागा यांच्या साहाय्याने तो वेगळा दाखविण्याची पद्धती. देवनागरीत रोमनसारखी मोठी (कॅपिटल) अक्षरे नसल्याने, पोथीपासून सादरीकरणाच्या स्लाइडपर्यंत तिचा विकास निराळ्या वाटेने झाला.

जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहीत. थांबण्याची ठिकाणे कळावीत म्हणून मुख्य मजकूर काजळाच्या शाईने लिहून ‘उवाच’, अध्यायाच्या शेवटची ‘इति’ने सुरू होणारी पुष्पिका, दंड व अंक हिंगुळाच्या तांबड्या शाईने लिहीत किंवा त्यांवर गेरू चोळीत. पिवळ्या रंगाचे काम नेमके उलट असे. चुकलेली अक्षरे हरताळ या पिवळ्या खनिजाच्या लेपाने झाकली जात; ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. आज विद्यार्थी महत्त्वाच्या वाक्यावर पिवळी लेखणी फिरवितात. लेखनिकाच्या लेखी ते वाक्य रद्द झाले असते.

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. पुढे खिळ्यांची छपाई रुळल्यावर तांबडी शाई मागे पडली, कारण दुसऱ्या रंगासाठी कागद पुन्हा यंत्रावर चढवावा लागे. तिची जागा आकाराने घेतली. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या (स्थापना १८६९) संस्कृत ग्रंथांत मूळ श्लोक मोठ्या व टीका बारीक टायपात आढळते.

रोमन मुद्रणातील क्लृप्त्या देवनागरीला सहजासहजी मानवत नाहीत. अधोरेषा उकार व ऋकार कापते. तिरप्या वळणात काना कलंडल्यासारखा दिसतो. जर्मन फ्राक्टूर लिपीत अक्षरांमधील अंतर वाढवून उठाव देत. येथे तसे केल्यास शिरोरेषाच तुटते. ठळक टाइप त्यातल्या त्यात बरा, परंतु ‘द्ध’, ‘क्ष्म’ यांसारख्या जोडाक्षरांतील पोकळ्या बुजतात.

र. कृ. जोशी यांनी आखलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज २००० या प्रणालीबरोबर आला आणि संगणकावर मराठी लिहिणे सुकर झाले. मात्र टंकाचे स्वतंत्र ठळक वळण नसल्यास संगणक मूळ रेषाच फुगवितो व अक्षर गिजबिज होते. म्हणून स्लाइडवर सर्व ओळी ठळक करण्यापेक्षा एखादाच शब्द मोठ्या आकारात वा तांबड्या रंगात घेणे इष्ट. पोथीकारांची रीत पांढऱ्या पार्श्वभूमीवर अजूनही सरस ठरते. गडद पार्श्वभूमीवर मात्र तांबडे अक्षर मागच्या बाकावरून विझल्यासारखे दिसते. तेथे पिवळाच रंग घ्यावा लागतो.