लष्करावर हुकूम कोणाचा चालतो? नौदलप्रमुखांनाही पदावरून हटवणारी व्यवस्था समजून घ्या

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे, नागफणी भागात ट्रेकला जाणाऱ्यांना नौदलाचं ‘आयएनएस शिवाजी’ माहीत असेल. १९४५ साली सुरू झालेल्या या केंद्रात नौदलाचे इंजिनिअर आणि तंत्रज्ञ घडतात. १३ फेब्रुवारी २०२० रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी केंद्राला मानाचा ‘राष्ट्रपती ध्वज’ दिला. ज्यांना त्या दिवशी नौसैनिकांनी मानवंदना दिली, ते कोविंद पेशाने वकील!

मग सैन्य त्यांना सलाम का करतं?

राज्यघटना काय सांगते?

कलम ५३ नुसार तिन्ही दलांचं सर्वोच्च सेनापतीपद राष्ट्रपतींकडे आहे. मात्र राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला उत्तर देतं. म्हणजे हुकमाची दोरी शेवटी मतदारांपर्यंत येते.

नियंत्रण कसं ठेवतात?

- पैसा: संरक्षण खर्चाला संसदेची मंजुरी लागते. कॅग त्याचं ऑडिट करतं.
- नेमणुका: दलप्रमुखांची निवड सरकार करतं.
- राजकारणापासून अंतर: सेवेत असताना सैनिकांना राजकीय पक्षाचं काम करता येत नाही.

परीक्षेची वेळ

१९९८ मध्ये व्हाइस अॅडमिरल हरिंदर सिंग यांना उपप्रमुख नेमण्याचा सरकारचा निर्णय नौदलप्रमुख अॅडमिरल विष्णू भागवत यांनी अमलात आणायला नकार दिला. ३० डिसेंबरला वाजपेयी सरकारने भागवत यांना बडतर्फ केलं. पदावर असलेल्या दलप्रमुखाची स्वतंत्र भारतातली ही पहिलीच बडतर्फी. कारवाई योग्य होती का, यावर संसदेत आणि बाहेर बराच वाद झाला. पण नौदलाने आदेश मानला आणि अॅडमिरल सुशील कुमार यांनी सूत्रं हाती घेतली.

मग मंत्री म्हणेल तेच खरं?

तसंही नाही. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन लष्करातल्या बढत्यांमध्ये ढवळाढवळ करतात, अशी टीका व्हायची. १९६२ च्या चीन युद्धात त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. लढायचं की नाही, हे सरकारने ठरवायचं. कसं लढायचं, यात सेनापतींचं ऐकायचं. ही सीमारेषा दोन्ही बाजूंनी पाळली, तरच व्यवस्था टिकते.

आणि सरकारने ती ओलांडली तर? जाब विचारायचं काम संसदेचं आणि मतदारांचं, बंदूकधाऱ्यांचं नाही.