फोन ठेवल्यानंतरचं काम

इंटरनेट घराघरांत येण्याआधी अमेरिकेतल्या हौशी लोकांनी पदरमोड करून एक टपालखातं चालवलं होतं. आज त्याच्याबद्दल बोलू, आणि त्यातही थैली फोडून पत्रं लावण्याच्या कामाबद्दल. फौजेत आयुष्य गेल्यामुळे असेल, मला लढायांपेक्षा रसद आणि डाक यांचा इतिहास जास्त शिकवून जातो.

1978 मध्ये शिकागोत पहिला बुलेटिन बोर्ड सुरू झाला. घरचा कॉम्प्युटर, त्याला मोडेम, एकच फोन लाइन. कुणी फोन लावायचा, निरोप वाचायचा, आपला ठेवायचा. तोवर दुसऱ्याला लाइन एंगेज. 1984 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्जने बाल्टिमोरच्या जॉन मॅडिलच्या साथीने असे दोन बोर्ड आपापसांत बोलते केले. हेच फिडोनेट. टपालाची देवाणघेवाण रात्री व्हायची, कारण तेव्हा ट्रंक कॉल स्वस्त. बिल बोर्ड चालवणाऱ्याच्या खिशातून.

1986 मध्ये डॅलसच्या जेफ रशने इकोमेल आणलं. एका बोर्डावरची चर्चा आता सगळ्या बोर्डांवर उमटू लागली, आणि टपाल फुगलं. आधी सगळ्यांचं लक्ष फोनच्या बिलाकडे गेलं, ते साहजिकच होतं. वेगवान मोडेम आले, 1985 पासून मिळणाऱ्या आर्क प्रोग्रामने पत्रांचे गठ्ठे दाबून लहान केले. फील्ड पोस्ट ऑफिसची डाकही सुटी जात नाही, थैलीतूनच जाते.

पण फोन ठेवल्यावर कॉम्प्युटर घरघरतच राहायचा. थैली उघडायची, प्रत्येक पत्र आपापल्या विभागात टाकायचं. डॉसवर एका वेळी एकच काम. ते संपेपर्यंत बोर्ड बंद, सकाळी फोन करणारा ताटकळत.

दोष मांडणीत होता. प्रत्येक पत्र म्हणजे एक वेगळी फाइल. नवी फाइल करताना त्या नावाची आधीच आहे का, हे पाहायला डॉस यादी वरपासून चाळतं. रिकाम्या विभागात हजार पत्रं टाकायची, तर हजाराव्या पत्रासाठी 999 नावं. सगळी बेरीज जवळपास 5 लाख. टपाल दुप्पट झालं की ही मेहनत चौपट. पैसेवाल्यांनी महागडी यंत्रं घेतली. कुणी थैली मेमरीत केलेल्या तात्पुरत्या डिस्कवर उघडू लागले. काम झपाट्याने व्हायचं, पण मध्येच वीज गेली की उघडलेली पत्रंही गेली.

खरा इलाज अॅडम हडसनच्या क्विकबीबीएसमध्ये सापडला. सगळी पत्रं मोजक्या मोठ्या फायलींत, सोबत सूची. नवं पत्र शेवटी जोडलं की झालं. मात्र मजकूर 256 बाइटच्या तुकड्यांत, आणि तुकडे मोजायला 16 बिटांचा आकडा. म्हणजे 65,536 तुकडे, 16 मेगाबाइटला दार बंद. विभागही 200 च. शिवाय जुन्या पद्धतीत फाइल बिघडली तर एक पत्र जायचं, इथे सगळा बोर्डच धोक्यात. कॅनडाच्या स्कॉट डडलीने पुढे स्क्विश लिहिलं, त्यात प्रत्येक विभागाला स्वतंत्र फाइल. मला ही तडजोड सगळ्यांत शहाणी वाटते.

एक साधा उपाय मला फार आवडतो. पत्रं पुढच्या बोर्डांना पाठवण्यासाठी आधी सगळे विभाग पुन्हा तपासावे लागत. मग कुणाला सुचलं, की पत्रं लावतानाच ज्या विभागांत काही नवं पडलं त्यांची नावं एका फायलीत टिपून ठेवावीत. तेवढेच विभाग तपासायचे. यासाठी ना नवी डिस्क लागली, ना पैसा. आमच्याकडचा कुठलाही हेड क्लार्क हे पहिल्याच दिवशी करेल!

फिडोनेट आजही आहे. उरलेले बोर्ड आता बहुतेक टपाल फोनऐवजी इंटरनेटवरून बदलतात.