गट्टूचं नाव लोकांनी ठेवलं होतं

१९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी एक पोरगा चितारला. कपाळावर केसांची बट, हातात रंगाचा डबा आणि ब्रश, नजरेत खोडी. त्याचं बारसं कंपनीने लोकांवर सोपवलं आणि ५०० रुपयांचं बक्षीस लावलं. ४७,००० हून अधिक सूचना आल्या. मुंबईच्या दोघांनी एकच नाव सुचवलं होतं, ‘गट्टू’. तेच ठरलं.

डब्यावरची अक्षरं वाचता न येणाऱ्यालाही डब्यावरचा पोरगा ओळखता येई. १९४२ मध्ये मुंबईतल्या एका गॅरेजात चार मित्रांनी काढलेल्या कंपनीला याहून चांगला दूत मिळाला नसता. २००२ साली मात्र चित्र पालटलं. कंपनीने बर्जर इंटरनॅशनलचा ताबा घेतला आणि तिचा पसारा सिंगापूरपासून बहरीनपर्यंत गेला. नव्या काळाला साजेसा चेहरा हवा म्हणून त्याच वर्षी गट्टूला निरोप दिला गेला. नाव लोकांनी ठेवलेलं, पण पोरगा कंपनीचा होता.

शुभंकर कुणाचा, हा प्रश्न संगणकाच्या भाषा घडवणाऱ्यांनाही चुकला नाही.

पर्ल या भाषेवरचं पुस्तक १९९१ मध्ये ओरायली या प्रकाशन संस्थेने काढलं. या संस्थेच्या पुस्तकांवर जुन्या कोरीव चित्रांतले प्राणी असतात. पर्लच्या वाट्याला उंट आला. प्रोग्रॅमरांनी तो इतका आपलासा केला, की पुस्तकालाच ‘उंटाचं पुस्तक’ म्हणू लागले. पण उंटाचं व्यापारचिन्ह प्रकाशकाच्या नावावर होतं. म्हणून पर्ल फाउंडेशनने स्वतःसाठी कांदा निवडला. प्रेम उंटावर आणि पाटीवर कांदा, अशी ही ओढाताण आहे.

पीएचपी भाषेचा हत्ती याहून भाग्यवान. १९९८ मध्ये व्हिन्सेंट पोंतिए हा फ्रेंच चित्रकार कागदावर पीएचपी ही रोमन अक्षरं गिरवत होता. कागद आडवा धरल्यावर त्याला त्यांत हत्ती दिसला! कुठलीही समिती नेमून असला हत्ती सापडला नसता. लिनक्स या संगणकप्रणालीच्या बोधचिन्हासाठी तर स्पर्धा झाल्या होत्या, आणि लॅरी युइंगचा गुबगुबीत पेंग्विन त्यांपैकी एकही जिंकला नाही. तरी आज लिनक्स म्हटलं की तोच आठवतो. मतं मोजून बोधचिन्ह ठरवता येईलही. जीव मात्र असा मोजून जडत नाही.

गो भाषेचा गोफर तर त्या भाषेहून वयाने मोठा आहे. बिळात राहणारा हा अमेरिकी प्राणी रेने फ्रेंच यांनी आधी न्यू जर्सीच्या एका रेडिओ केंद्रासाठी रेखाटला होता. केंद्राच्या निधी उभारणीसाठी टी-शर्ट काढायचे होते, त्यांवर तो झळकला. २००९ मध्ये गो आली तेव्हा रेने यांनी त्यालाच नवं रूप दिलं. पुढे त्याला असा परवाना मिळाला, की मूळ चित्रकर्तीचं नाव द्यावं आणि हवा तसा गोफर काढावा. जावा भाषेच्या ड्यूक या शुभंकरालाही त्याच्या मालक कंपनीने २००६ मध्ये असंच मोकळं केलं. गट्टूला ही मोकळीक मिळाली असती तर गावोगावच्या रंगाऱ्यांनी त्याला आपल्या पाट्यांवर जिवंत ठेवलं असतं, असं राहून राहून वाटतं.

सगळ्यांत पुढे गेला तो रस्ट भाषेचा केशरी खेकडा, फेरिस. मराठीत खेकड्याची गोष्ट एकमेकांचे पाय ओढणाऱ्यांसाठी सांगतात. रस्टवाले मात्र कवचधारी प्राण्यांच्या इंग्रजी नावावरून स्वतःलाच ‘रस्टेशियन’ म्हणवून घेतात. कॅरन रुस्टाड टोल्वा यांनी फेरिस रेखाटला आणि त्यावरचा सगळा हक्क सोडून दिला. कुणीही तो विणावा, शिवावा, छापावा. तो आजही भाषेचा अनधिकृत शुभंकरच आहे.

या मोकळिकीचं मोल २०२३ मध्ये कळलं. रस्ट फाउंडेशनने भाषेचं नाव आणि बोधचिन्ह कुणी कसं वापरावं, याच्या नियमांचा मसुदा मांडला. तो फार जाचक वाटल्याने लोक उसळले, आणि काहींनी त्याच भाषेची वेगळी शाखा काढली. ‘रस्ट’ हे नाव त्यांना नको होतं. नव्या शाखेचं नाव त्यांनी ठेवलं ‘क्रॅब’, म्हणजे खेकडा.